गंगुबाई लाजल्या

"गंगुबाई आहे का हो?" असं मी कुवारबावच्या रोपवाटिकेत विचारलं आणि माझं पंचावन्न वर्षांचं वनस्पतिज्ञान एका झटक्यात कोसळलं. मालक सदूभाऊ पाइपाने कुंड्या भिजवत होते. म्हणाले, "आज नाय आली. सोमवारी येईल." मला आनंद झाला. सोमवार तर सोमवार. "केवढी असेल साधारण?" मी विचारलं. त्यांनी पाइप जरा खाली केला. "असेल की साठेक." मी शाळेत गणित शिकवते, एकक नसलेला आकडा मला सहन होत नाही, तेव्हा मनातल्या मनात पुढे सेंटिमीटर लावून टाकलं. "मग कुंडीत जगेल ना? माझ्याकडे बाल्कनी आहे, पण ऊन सकाळचंच येतं." मी आणखी विचारलं, "आणि आत्ता फुललीय का?" त्यांनी नळ बंद केला, हात लेंग्याला पुसले आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बाई, गंगुबाई आमच्याकडे पाणी घालायला येते. तुम्हांला नक्की काय हवंय?"

मला काय हवंय ते मला सांगता येईना. सकाळी पांढरं असतं, दुपारी गुलाबी होतं, संध्याकाळी लाल होऊन मिटतं, पानं भेंडीसारखी, असं सांगून बघितलं. "रंग बदलतं ते काय? असतं कुणाकुणाकडं. नाव म्हायत नाय. पण गंगुबाई नाय हो त्याचं नाव," सदूभाऊ म्हणाले आणि हसू दाबण्यासाठी मोगऱ्याची एक कुंडी उगाच इकडची तिकडे केली. मी बाहेर रस्त्यावर आले. रिक्षा, ट्रक, नारळपाणीवाला, सगळं जिथल्या तिथे होतं, पण मला क्षणभर पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटली. अबोलीला अबोली म्हणतात, तगरीला तगर, आणि त्या फुलाला गंगुबाई, हे मी इतकं धरून चालले होते की कधी संशयसुद्धा आला नव्हता. आईने आणखी कोणकोणत्या गोष्टींची अशी घरगुती नावं ठेवून मला जगात सोडलंय, कोण जाणे. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. कारण नावच खोटं निघालं तर मी शोधणार काय आणि कुणाला विचारणार?

शोधत होते ते दुपट्यासाठी. आर्या, माझी मुलगी, दिवाळीनंतर बाळंतपणाला येणार. बाळासाठी दुपटं आजी-पणजीच्या जुन्या लुगड्यांचं करायचं ही आमच्याकडची रीत. नवं कापड टोचतं, धुऊन धुऊन विरत आलेलं अंगाला लागत नाही. आईला जाऊन वर्ष होत आलेलं. तिची बागेत नेसायची दोन सुती लुगडी मी काढून ठेवली होती, त्यांना हात लावायचा धीर होत नव्हता. एका रविवारी धीर केला. उलगडली तर खालच्या काठाला मातीचे डाग. आमच्या रत्नागिरीच्या घरच्या, परटवण्यातल्या परसातली तांबडी माती. ओचा खोचून ती वाफ्यात बसायची, काठ मातीत लोळायचा, तिला त्याचं काही नसायचं. मी साबण लावला, ब्रश मारला, लिंबू चोळलं, उन्हात टाकलं. माती ढिम्म हलली नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी कुणाशी भांडतेय. आईने आयुष्यभर राखलेली बाग तिच्या काठावर होतीच, मी ती धुवायला निघाले होते. तो काठ मी सरळ कापून दुपट्याच्या तळाला जोडला. झाली जमीन. आता नुसती झाडं उभी करायची राहिली.

तेव्हापासून मी वेडी झाले आहे, असं माझे यजमान चारुदत्त म्हणतात आणि ते प्रेमाने म्हणतात. शाळेतून आले की सुई हातात. आईच्या एका पोलक्याचा रंग थेट अबोलीचा, त्याची अबोली झाली. हिरव्या परकराची केळ झाली, तिच्या पानाला वाऱ्याने फाटल्यासारख्या चिरा दिल्या. हळदीच्या डागांचा एक टॉवेल होता, त्याची कोरांटी. मला भरतकाम येत नाही. शाळेत शिवणाच्या बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. येतो फक्त धावदोरा, तोही वाकडा. पण गंमत अशी की तो वाकडा टाकाच वेलीला शोभतो. ठिगळ लावताना मी एकटीच हसते. आई वाफ्याशी बोलायची तशी मी ठिगळांशी बोलू लागले आहे. "सरक गो जरा, तुझ्या शेजारी तगर यायचीय." परवा असं बोलताना चारुदत्तांनी ऐकलं आणि ते स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच चहा करून घेऊन आले. दुःख असं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इतकं आनंदाचं.

मधली जागा तेवढी रिकामी राहिली. तिथे गंगुबाई हवी. आईच्या परसात विहिरीशेजारी तिचं झाड होतं आणि आमच्या घराला दुपारपुरतं घड्याळ लागत नसे. फूल गुलाबी व्हायला लागलं की आई मागच्या दारातून हाक द्यायची, "गंगुबाई लाजल्या, चहा टाका!" मग वडील वर्तमानपत्र मिटायचे, मी आधण ठेवायची. परीक्षेच्या दिवसांत मी खिडकीतून बघत बसायची, कधी लाजतेय. पांढरी गंगुबाई बघून शाळेत जायचं, लाल गंगुबाई बघून दिवा लावायचा. आणि आता दुपट्यावर तिचा रंग कोणता घ्यायचा? पांढरा तुकडा लावून बघितला, नुसतं रुमाल पडल्यासारखं दिसलं. गुलाबी लावला तर कुठलीही जास्वंद झाली असती. गणितात उत्तर एक असतं, हा माझा स्वभावच आहे, मला दोन उत्तरं आली की मी सगळं खोडते. तसं मी ते फूल शिवलं, उसवलं, शिवलं, उसवलं. आर्याने पुण्याहून मोबाइलवर असल्या फुलांचे ढीगभर फोटो पाठवले. सगळी सुंदर होती, आमची एकही नव्हती. घरातला एकच फोटो आहे, त्यात आई नेमकी फुलासमोर उभी आहे, आणि फोटो कृष्णधवल. त्या मधल्या वेळचा, लाजायला लागल्याच्या वेळचा रंग मी डोळे मिटून आठवायला जायची आणि तो यायचाच नाही. हे मला सहन होईना. रंग आठवत नाही म्हणजे आईच थोडी पुसली गेली, असं वाटायचं, आणि हे पुसणं असंच चालू राहिलं तर बाळाला मी सांगणार तरी काय?

झाडाकडे जाऊन बघावं तर झाड नाही. मागच्या पावसाळ्यात शेजारचा फणस वादळात आडवा झाला तो बरोबर तिच्यावर. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला आम्ही सांगितलं नाही. दुपारी डोळे उघडून ती विचारायची, "गंगुबाई लाजल्या का गो?" आणि मी म्हणायची, "लाजल्या, आई." "मग चहा टाक." दोन घोट घ्यायची. त्या दिवसांतल्या दुपारी मला अजून आवडतात. खिडकीबाहेर आडवा फणस पडलेला, आणि आत आम्ही दोघी नसलेल्या फुलाच्या वेळेवर चहा पीत बसलेल्या.

रोपवाटिकेतून परतल्यावर मी डोंबिवलीला दादाला, म्हणजे उन्मेषदादाला फोन लावला. झालेली फजिती सांगितली. तो इतका हसला की वहिनी पाणी घेऊन धावत आल्याचं मला इकडे ऐकू आलं. "अगो सुमे, गंगुबाई म्हणजे पालीची गंगुबाई! बाबांची बदली पालीच्या पोस्टात होती, तू जन्मायच्या आधी. शेजारीच राहायची. आईची जिवाभावाची. मला कडेवर घेऊन फिरायची ती. तुला काय वाटलं, फुलाचं नाव?" मी म्हटलं, "यमुनाबाईंची अबोली, सखारामाची तगर, असं आई म्हणायचीच की. ज्याने फांदी दिली त्याचं नाव. पण तिथे पुढे अबोली, तगर असायचं. इथे नुसतीच गंगुबाई." दादा म्हणाला, "कारण फुलाचं खरं नाव आईलाही ठाऊक नव्हतं." मग जरा थांबून, "असेल का गो ती अजून?" मी म्हटलं, "जाऊन बघते."

दुसऱ्या रविवारी मी सकाळच्या एसटीने पालीला गेले. चारुदत्त म्हणाले, गाडीने सोडतो. मी नको म्हटलं. आई कुठेही एसटीनेच जायची, पिशवीत ओलं फडकं घेऊन, न जाणो वाटेत एखादी फांदी मिळाली तर. मीही ओलं फडकं घेतलं होतं, का ते मला नीट सांगता आलं नसतं. हातखंब्याला गाडी बराच वेळ थांबली. खिडकीतून धूळ, भजीचा वास, आणि माझ्या डोक्यात शंका. गंगुबाई नसली तर? असली आणि झाड नसलं तर? झाड असलं आणि तो रंग बघूनही, हाच तो, असं मला आतून वाटलं नाही तर? शेवटच्या शंकेने मी सगळ्यांत जास्त घाबरले. पालीला उतरून बाजारात विचारलं. "कंची गंगुबाई? खालच्या वाडीतली काय, म्हातारी?" वाट उताराची होती. कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यामागे कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं, आणि खळ्यात खुर्ची टाकून बसलेली, अडकित्त्याने सुपारी कातरणारी एक बारकीशी म्हातारी. मी गडग्याच्या फटीतून आत पाऊल टाकणार तोच ती आतल्या दाराकडे तोंड करून ओरडली, "दिशा! कमळेला पाणी घातलंस काय गो?"

माझं पाऊल तिथेच राहिलं. कमळा माझ्या आईचं नाव. तसं गावात कुणाचंही नाव कमळा असू शकतं, म्हशीचंसुद्धा, हे मला कळत होतं. तरी मला त्या एका क्षणी खरोखर वाटलं की आई मागच्या दारी ओट्यावर बसली आहे आणि तिला तहान लागली आहे. "घातलं हो आजी, सकाळीच घातलं," आतून नातसुनेचा आवाज आला. मी पुढे होऊन म्हटलं, "गंगुबाई, मी सुमेधा. कमळाची मुलगी." तिने अडकित्ता खाली ठेवला. "कंच्या कमळेची?" "पोस्टातल्या." तिने माझा हात धरून मला खाली वाकवलं आणि तोंडाकडे बघितलं, बाजारात बांगडा ताजा आहे का बघावा तसं, अगदी जवळून. "व्हय गो बाय. कपाळ तिचंच. नाक बापाचं घेतलंस, ता काय बरं नाय केलंस." आणि मग ती माझा हात सोडेचना.

आई गेल्याचं तिला ठाऊक होतं. "बाजारात कुणी तरी सांगितलंन. मी म्हटलं, गेली तर गेली. हितं हाय माझ्या मागल्या दारी. चल, दावतंय." माझ्या खांद्यावर हात टाकून ती मला मागे घेऊन गेली. पाण्याच्या पाटाच्या कडेला झाड उभं होतं, माझ्याहून उंच, भेंडीसारख्या पानांचं, आणि पानापानांत पांढरी फुलं. "ही कमळा," गंगुबाई म्हणाली. मी म्हटलं, "अहो, आमच्याकडे हिला गंगुबाई म्हणतात." तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा झाडाकडे, आणि पदराने तोंड झाकून जी हसायला लागली ती थांबेना. दिशा घाबरून बाहेर आली. "शेवटपर्यंत?" गंगुबाईने विचारलं. "शेवटपर्यंत," मी म्हटलं. "मेली लबाड!" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मग कळलं ते असं. हे झाड ना गंगुबाईने आईला दिलं होतं ना आईने गंगुबाईला. पालीत तेव्हा कुणा साहेबाचा बंगला होता, त्याच्या कुंपणात हे फूल. विचारलं असतं तर माळ्याने दिलं असतं, पण विचारून आणलेली फांदी लागत नाही, चोरूनच आणावी लागते, यावर दोघींची श्रद्धा. एका दुपारी दोघी गेल्या. दादाला कडेवर घेतला होता, कुणी बघितलं तर पोराला फिरवतोय म्हणून सांगता यावं. एकीने राखण केली, एकीने फांदी मोडली. "मोडली कुणी?" मी विचारलं. "तिनं मोडलीन!" गंगुबाई ठसक्यात म्हणाली. "ती सांगायची, गंगुबाईनं मोडली. म्हणून तर नाव पडलं. माझ्याकडं कुणी इचारलं, झाड कुणाचं, की मी म्हणायची, कमळेचं. तिच्याकडं इचारलं की ती म्हणायची, गंगुबाईचं. चोरी कुणाच्याच अंगाला लागायची नाय!" म्हणजे मी जन्मभर फुलाचं नाव समजत होते तो आरोप होता. माझी आई, जिने मला शाळेतून खडूचा तुकडा आणला म्हणून परत पाठवलं होतं, ती रोज दुपारी मागच्या दारातून आपल्या चोरीच्या साथीदाराचं नाव घेऊन हाक मारत होती. मी ओट्यावर बसून इतकी हसले, इतकी हसले, वर्षभरात हसले नव्हते तेवढी.

जेवूनच जा म्हणाली. पेजेबरोबर वालीची भाजी, कुळथाचं पिठलं. जेवल्यावर मी मागच्या ओट्यावर झाडासमोर बसले आणि ठरवलं की या वेळी तो क्षण पकडायचाच. वर्गात पर्यवेक्षणाला बसते तशी बसले. एकच फूल धरलं, नजर हलवली नाही. पाटाचं पाणी वाहत होतं, लांब कुठे तरी अवेळी कोंबडा आरवत होता, गंगुबाई माझ्या शेजारी सुपारी कातरत आईच्या गोष्टी सांगत होती: आई पोहायला कशी घाबरायची, वडिलांच्या डब्यात एकदा मिठाऐवजी काय पडलं. मी ऐकत होते आणि फूल पांढरंच होतं. पांढरं, पांढरं, पांढरंच. आणि मग बघते तो ते पांढरं नव्हतं. केव्हा झालं ते मला दिसलं नाही. मी पापणीसुद्धा लववली नव्हती, म्हणजे लववली असेन. पाकळीच्या वरच्या अंगाला पांढरं अजून रेंगाळत होतं आणि खालून, आतून, गुलाबी वर येत होतं. हाच तो. मला एकदम कळलं की हा रंग आठवत नव्हता कारण तो एक रंगच नव्हता. लाजताना कुणी दिसत नाही, लाजलेलं दिसतं. आणि त्याच वेळी कळलं दुपट्याचंही. फूल दुहेरी करायचं. वरून आईच्या पांढऱ्या परकराच्या पाकळ्या, खालून तिच्या डाळिंबी पोलक्याच्या, आणि शिवायचं फक्त मध्यावर. कडा मोकळ्या. बाळाच्या बोटांना उलटता येईल. त्याने उलटली की गुलाबी, सोडली की पांढरी. तोंडात घातली तर ओली. उत्तरं दोन आली तर येऊ देत. मी एवढी आनंदले की मला उठून नाचावंसं वाटलं, आणि पंचावन्नाव्या वर्षी गुडघे परवानगी देते तर नाचलेही असते.

"लाजली बग," गंगुबाई म्हणाली, झाडाकडे न बघताच. तिला कसं कळलं कोण जाणे. मग आत तोंड करून, अगदी आईच्या चालीत, "दिशा! कमळा लाजली गो. चहा टाक!" आणि मी रडले. सरळ रडले, लपवलं नाही. गंगुबाईनेही काही समजूत काढली नाही, नुसती पाठीवर थोपटत राहिली आणि म्हणाली, "लाजते कशाला, म्हायत हाय? चोरी केलीन ना मेलीनं."

निघताना मी फांदी मागितली. गंगुबाई चिडली. "इचारतंस काय? आयशीनं काय शिकवलंन नाय तुला?" मग तिने खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि आख्ख्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "मी काय बगत नाय हां! दिशा, तू पण बगू नको!" दिशा चुलीकडे तोंड करून हसत उभी राहिली. मी, माध्यमिक शाळेची ज्येष्ठ शिक्षिका, पाटाच्या कडेला गेले, इकडेतिकडे बघितलं आणि फुटव्याच्या डोळ्याखाली एक जून फांदी कटकन मोडली. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली. "कुणी मोडली गो?" डोळे झाकूनच गंगुबाईने विचारलं. "तुम्ही," मी म्हटलं.

परतीची गाडी भरलेली होती, तरी मला मागे दोन जणांचा बाक मिळाला. पिशवी खिडकीशी ठेवली, उन्हाकडे. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला, मान खाली, मशीनवर बोट. "कुठं?" "रत्नागिरी, एक फुल," जुन्या सवयीने माझ्या तोंडून गेलं. "ओ ताई, बायकांना हाफ असतं आता. फुल कुणाचं?" मी पिशवीकडे बघितलं. फडक्यातून एक पान बाहेर आलं होतं आणि वाऱ्यावर हलत होतं. "आईचं," मी म्हटलं. "वय काय त्यांचं?" "ऐंशीच्या वर." "मग त्यांचं नाय लागत, पंच्याहत्तरच्या वर फुकट," तो म्हणाला आणि माझं अर्धं तिकीट हातात देऊन पुढे सरकला. त्याने मान वर केलीच नाही.

"फुकटच आणलीय," मी त्याच्या पाठीला सांगितलं.